पोपटीच्या आधी बियाणं राखा : गावठी वालाचं बी घरी कसं धरायचं

महापे : ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या भातखाचरांवर एमआयडीसी आली, सिडको आली आणि भातामागचा वालही गेला. महाप्यासारख्या गावात आता वाल लावायचा तर परसात, कुंपणाला नाहीतर डोंगराकडच्या एखाद्या तुकड्यात. पनवेल, पेण, अलिबागकडे मात्र भातकापणीनंतर राहिलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो अजून पिकतो.

जमीन तुकड्यापुरती उरली तरी बी टिकवता येतं. घरातलं बी संपलं तर मात्र तेच पुन्हा मिळेल याची खात्री नाही. बाजारातले सुके वाल उगवतात, पण ते कुठले, किती जुने, किती जातींची सरमिसळ, हे सांगणारं कोणी नसतं.

बी बिघडतं ते पोपटीच्या दिवसांत. जानेवारी-फेब्रुवारीत भरदार शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासोबत मडक्यात जातात, पुढच्या तोडीच्या बिरड्याला जातात आणि शेवटी उरलेल्या खुरट्या, उशिराच्या शेंगांचं बियाणं होतं. चार वर्षं असं केलं की पीकही तसंच येतं. मग दोष बियाण्याला.

म्हणून पहिली शेंग तोडायच्या आधी शेतातून एक फेरी मारावी. लवकर फुललेली, शेंगांनी लगडलेली, निरोगी अशी पंचवीस-तीस झाडं निवडून त्यांना चिंधी बांधावी. एकाच झाडाचं बी धरू नये. पिवळे चट्टे पडलेलं झाड कितीही लगडलेलं असलं तरी नको. चिंधीच्या झाडाची एकही हिरवी शेंग तोडायची नाही, पाहुणे आले तरी.

गावठी वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतो. जूनमध्ये लावला तर वेल नुसता माजतो, फुलं थंडीतच. वालाचं फूल बहुतेक आपल्याच परागावर धरतं, पण माश्या-भुंगे थोडी भेसळ करतात. कडव्या वालाशेजारी दुसरी जात लावू नये. सोलताना वेगळ्या रंगाचा, आकाराचा दाणा दिसला की तो बिरड्याच्या वाटीत टाकावा.

शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. पण फुटून दाणे सांडेपर्यंत थांबू नये. सोललेलं बी तापलेल्या पत्र्यावर नको, गोणपाटावर वाळवावं. दाताखाली दाणा दबला तर ओल आहे, कटकन फुटला तर वाळला.

खरा वैरी भुंगेरा. तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो, त्यामुळे वरून चांगलं दिसणारं बीही कणगीत पोखरलं जातं. दाण्यावर पांढरा ठिपका म्हणजे त्याचं अंडं, गोल भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेला. जुन्या बायका चाळलेल्या थंड राखेत बी बुडवून ठेवत, ती रीत आजही चालते. किलोला चहाचा एक चमचा खाण्याचं तेल चोळलं तरी चालतं. बी थोडंच असेल आणि कडक वाळलेलं असेल, तर घट्ट बरणीत भरून आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावं. बाहेर काढल्यावर बरणी गार असेपर्यंत उघडायची नाही, नाहीतर बियाण्यावर पाणी धरतं. कोकणातला पावसाळा बियाण्याला वाईट, तेव्हा जून ते सप्टेंबर डबा उगाच उघडू नये.

बियाणं सांभाळण्याचं मोठं काम अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी केलं. त्यांच्या बियाणे बँकेत वाल-घेवड्याच्या कितीतरी गावठी जाती आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे. पण तो वालाच्या जातीचा नव्हे, राजम्याच्या कुळातला. त्याचं बी आणून इथे वालासारखं लावायला जाऊ नये.

बी शेजाऱ्याला देणं, बदलणं, विकणं यात चोरी नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला ती मुभा आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. एका घरात कीड लागली तर दुसऱ्या घरी बी शिल्लक असावं, यासाठी निदान दोन घरांत तरी वाटून ठेवावं.

ऑक्टोबरात पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याने मोजावेत. ऐंशीच्या आसपास मोडले तर नेहमीसारखं पेरावं. साठच मोडले तर टोकताना एका जागी एक दाणा जास्त टाकावा. निम्म्याखाली असेल तर ज्या घरी बी दिलं होतं त्यांच्याकडे विचारावं.