जागृत सेवक : प्रभूच्या पुनरागमनाची प्रतीक्षा आणि ख्रिस्ती निष्ठा

दर रविवारी मिस्साबलिदानात विश्वासांगीकार म्हणताना आपण उभे राहून जाहीर करतो की, स्वर्गारोहण केलेला प्रभू येशू जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी गौरवाने पुन्हा येणार आहे. इ. स. ३२५ मधील नायसिया आणि ३८१ मधील कॉन्स्टँटिनोपल या विश्वपरिषदांत ही श्रद्धा शब्दबद्ध झाली. २०२५ साली नायसिया परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. इतकी शतके ख्रिस्तसभा ज्याची वाट पाहत आहे, त्याच्या स्वागताची तयारी म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जळगाव आणि धुळे हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन हा धर्मप्रांत अस्तित्वात आला. खानदेशात कॅथलिक कुटुंबे संख्येने थोडी आहेत. कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आले, कोणी शाळा-रुग्णालयांतील सेवेसाठी, तर कोणी सातपुड्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. गावे दूरदूर आहेत. अशा ठिकाणी श्रद्धा टिकवण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर अधिक येते, आणि म्हणूनच जागृत राहण्याची प्रभूची आज्ञा येथे अधिक निकडीची ठरते.

ख्रिस्तसभेची शिकवण

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात या विषयाची मांडणी आहे. प्रत्येक माणसाचा वैयक्तिक न्याय त्याच्या मृत्यूच्या क्षणीच होतो. त्यानंतर आत्मा स्वर्गसुखात प्रवेश करतो, किंवा त्यासाठी शुद्धिस्थानात शुद्ध होतो, किंवा स्वतः निवडलेल्या मार्गाने देवापासून कायमचा दुरावतो. जगाच्या अखेरीस मृतांचे पुनरुत्थान व अंतिम न्याय होईल. त्या वेळी आपण केलेल्या आणि करायच्या राहून गेलेल्या सत्कृत्यांचे परिणाम उघड होतील.

हे केव्हा घडेल, हे ख्रिस्तसभा सांगत नाही. तो दिवस व ती घटका केवळ पित्याला ठाऊक आहे, असे प्रभूनेच स्पष्ट केले आहे (मार्क १३:३२). ख्रिस्त पृथ्वीवर हजार वर्षे राजकीय राज्य करील, यांसारख्या कल्पनाही ख्रिस्तसभेने नाकारल्या आहेत.

तारखांची भाकिते

तरीही तारीख जाहीर करण्याचा मोह माणसाला सुटलेला नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून भारतभर प्रलयाची धास्ती पसरली. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा कोसळणार म्हणून आपल्याकडील खेडोपाडी लोक घाबरले. तिचे अवशेष पडले ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. ख्रिस्ती म्हणवणारे प्रचारकही यात मागे राहिले नाहीत. अमेरिकेत २२ ऑक्टोबर १८४४, कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ आणि पुन्हा अमेरिकेत २१ मे २०११ अशा तारखा दिल्या गेल्या. काहींनी घरदार विकले, काहींनी नोकऱ्या सोडल्या. ते दिवस आले आणि गेले.

आता अशा गोष्टी भ्रमणध्वनीवर घरोघरी पोहोचतात. युद्ध, भूकंप किंवा रोगराईची बातमी येताच शेवट जवळ आल्याचे संदेश फिरू लागतात. भाविकांनी ते पुढे पाठवू नयेत. भीतीपोटी केलेली प्रार्थना भीती ओसरताच थांबते. प्रीतीतून जन्मलेली निष्ठा टिकते.

थेस्सलनीकाकरांना दिलेला बोध

हा प्रश्न पहिल्या शतकातही होता. इ. स. ५० च्या सुमारास संत पौलाने थेस्सलनीका येथे ख्रिस्तसभा स्थापन केली. तेथील काही जण प्रभू लवकरच येणार या समजुतीने कामधंदा सोडून बसले आणि इतरांच्या कामात लुडबूड करू लागले. त्यांना उद्देशून लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:६-१२) पौलाने आपल्या स्वतःच्या कष्टांचे उदाहरण दिले आणि शांतपणे काम करून स्वतःची भाकर मिळवण्यास बजावले. प्रतीक्षा आणि परिश्रम यांत त्याला विरोध दिसला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हाच विचार आधुनिक जगासाठी मांडला : नव्या पृथ्वीची आशा बाळगणाऱ्याने या पृथ्वीची काळजी कमी न करता अधिक घ्यावी. रावेर-यावल भागातील केळी उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मे-जूनमधील एका वादळात उभी बाग आडवी होऊ शकते, हे ठाऊक असूनही तो लागवड करतो, पाणी देतो, झाडांना आधार देतो. वादळाचा दिवस त्याच्या हाती नाही. बागेची निगा आहे.

भुसावळचा दाखला

सेवकांनी कमरा कसून व दिवे पेटते ठेवून धन्याची वाट पाहावी, असे प्रभू सांगतो (लूक १२:३५-४०). हा दाखला भुसावळच्या रेल्वे वसाहतीत सहज समजतो. पूर्वी चालक व गार्ड यांना गाडीवर बोलावण्यासाठी कॉल बॉय वही घेऊन घरी येत असे. दिवस असो वा मध्यरात्र, हाक आली की निघायचे. म्हणून लाईन बॉक्स भरलेला असे आणि झोपही वेळेवर घेतलेली असे. पुढे वहीची जागा दूरध्वनीने घेतली, पण नियम तोच राहिला. असा कर्मचारी रात्रभर दाराशी डोळे लावून बसत नाही. तो जेवतो, मुलांशी बोलतो, विश्रांती घेतो. फक्त हाक आल्यावर शोधाशोध करण्याची पाळी स्वतःवर येऊ देत नाही. ख्रिस्ती सज्जतेचे स्वरूप असेच आहे.

संस्कारांतून सज्जता

गंभीर पापांचे निवेदन वर्षातून निदान एकदा करणे बंधनकारक आहे. तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. धर्मगुरू गावी येतील तो दिवस पापनिवेदनासाठी राखून ठेवावा.

आजाऱ्यांच्या अभ्यंगाविषयीचा गैरसमज दूर होणे विशेष गरजेचे आहे. धर्मगुरूंना बोलावले तर रुग्ण धीर सोडेल, या भावनेने अनेक कुटुंबे शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात. मग अंतर आड येते. परिषदेच्या शिकवणीनुसार आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागताच हा संस्कार घेण्याची योग्य वेळ आलेली असते. तो केवळ धर्मगुरूच देऊ शकतात, म्हणून वेळीच कळवणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. रुग्ण शुद्धीवर असताना संस्कार झाला, तर तो पापनिवेदन करू शकतो आणि ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतो. मरणोन्मुख भाविकाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तशरीराला ख्रिस्तसभा प्रवासाची शिदोरी मानते.

धर्मगुरू पोहोचूच शकले नाहीत तर काय? २०२० च्या मे-जून महिन्यांत कोरोनामुळे जळगाव जिल्ह्यातील मृत्युदर देशभर चिंतेचा विषय झाला होता. रुग्णाजवळ जाण्यास आप्तांनाही मज्जाव होता आणि मार्चपासून बंद झालेली राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरपर्यंत उघडली नाहीत. त्या वर्षी २० मार्च रोजी रोमहून काढलेल्या पत्रकात भाविकांना जुन्या शिकवणीचे स्मरण देण्यात आले : देवावरील प्रीतीपोटी केलेला परिपूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा दृढ निश्चय यांमुळे गंभीर पापांचीही क्षमा मिळते. ही शिकवण प्रत्येक घरात माहीत असावी. पश्चात्तापाची प्रार्थना मुलांना पाठ असावी आणि रोज रात्री ती कुटुंबाने एकत्र म्हणावी. रोज म्हटलेली प्रार्थनाच संकटात ओठांवर येते.

न्यायाच्या दिवशीचे प्रश्न

मत्तयच्या २५ व्या अध्यायात दहा कुमारींचा दाखला, रुपयांचा दाखला आणि अंतिम न्यायाचे चित्र क्रमाने येते. पहिला दाखला दिव्यातील तेलाविषयी आहे, दुसरा सोपवलेल्या धनाविषयी. तिसऱ्या ठिकाणी राजा भुकेले, तान्हेले, परके, वस्त्रहीन, आजारी व कैदी यांच्याविषयी विचारतो. तारीख कोणी अचूक ओळखली, हे तो विचारीत नाही.

खानदेशात या प्रश्नांना ओळखीचे चेहरे आहेत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा तान्हेला आपल्या दाराशी असतो. सातपुड्यातून मजुरीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेली कुटुंबे हे परके आहेत. जिल्हा रुग्णालयात एकटा पडलेला रुग्ण आहे. जळगाव व धुळे येथील कारागृहांत बंदी आहेत आणि बाहेर त्यांची मुले आहेत. ज्याच्याशी वर्षानुवर्षे अबोला धरला तो भाऊही याच रांगेत उभा आहे. शेताच्या बांधावरून तुटलेले नाते जोडणे हीदेखील पुनरागमनाची तयारीच होय.

उपासनावर्षातील स्मरण

ख्रिस्तसभा ही शिकवण दरवर्षी नव्याने देते. नोव्हेंबरमध्ये आपण मृतांसाठी प्रार्थना करतो व कबरींना भेट देतो. उपासनावर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा असतो. नंतर सुरू होणाऱ्या आगमनकाळात १६ डिसेंबरपर्यंतचा भर प्रभूच्या पुनरागमनावर असतो आणि १७ डिसेंबरपासून नाताळच्या तयारीवर. याच काळात, ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील सान्शियन बेटावर पुढे नेणाऱ्या नावेची वाट पाहत असताना त्यांनी देह ठेवला. नाव आली नाही, पण प्रभू आला तेव्हा सेवक आपल्या कामावर होता.

आरंभीचे ख्रिस्ती लोक ‘मारानाथा’ या अरामी शब्दाने प्रार्थना करीत. आमच्या प्रभो, ये, असा त्याचा अर्थ. ही प्रार्थना आपल्याला निर्भयपणे म्हणता यावी, यासाठी आज एखाद्या आजाऱ्याची भेट घ्यावी, एखादा अबोला सोडावा आणि पापनिवेदनाचा दिवस ठरवावा. प्रभू आपणा सर्वांना त्याच्या आगमनापर्यंत निष्ठावंत ठेवो.