रिकामी बाके

क्रीडागार ही मुळात गर्दीसाठी बांधलेली वास्तू. हजारो माणसांना मोजक्या दारांतून आत घ्यायचे, ओळीने बसवायचे आणि पुन्हा बाहेर सोडायचे, हे तिचे काम. गर्दी कशासाठी जमवायची हे मात्र ज्याच्या हाती किल्ल्या असतात तो ठरवतो. चिलीची राजधानी सान्तियागो येथील राष्ट्रीय क्रीडागाराचा इतिहास पाहिला की याची प्रचीती येते.

३ डिसेंबर १९३८ रोजी या क्रीडागाराचे उद्घाटन झाले. १९६२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना येथेच झाला आणि ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ असे हरवले. पण हे मैदान केवळ खेळाचे नव्हते. नोव्हेंबर १९७० मध्ये अध्यक्षपद स्वीकारल्यावर साल्वादोर आयेंदे यांनी येथूनच जनतेला संबोधित केले. नोबेल पारितोषिक मिळवून मायदेशी परतलेल्या पाब्लो नेरूदांचा जाहीर सत्कारही १९७२ च्या डिसेंबरात येथेच झाला. एका कवीसाठी क्रीडागार भरावे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशीच!

त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर याच क्रीडागाराचा बंदिवास झाला. रेडक्रॉसच्या अंदाजानुसार सप्टेंबरअखेरीस येथे सुमारे सात हजार कैदी होते. पुरुषांना खेळाडूंच्या खोल्यांत आणि जिन्यांखालच्या मार्गिकांत कोंडले जाई, तर स्त्रियांना जलतरण तलावाजवळच्या खोल्यांत. सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या वर्तुळाकार मैदानात चौकशा आणि छळ चालत. दिवसा कैद्यांना प्रेक्षकांच्या बाकांवर आणून बसवीत. (गायक व्हिक्टर हारा यांची हत्या याच ठिकाणी झाली असा समज सर्वत्र आढळतो. त्यांना डांबले होते ते शहरातील दुसऱ्या, बंदिस्त क्रीडागारात. २००३ पासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.)

चिली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील विश्वचषक पात्रता फेरीचा सामना याच मैदानावर व्हायचा होता. ऑक्टोबरमध्ये जागतिक फुटबॉल महासंघाचे प्रतिनिधी पाहणीसाठी आले; त्या वेळी कैद्यांना नजरेआड ठेवण्यात आले. प्रतिनिधींनी मैदान खेळण्यायोग्य असल्याचा निर्वाळा दिला. हिरवळीपुरते पाहिले तर ते खोटेही नव्हते. पुढे उरलेल्या कैद्यांपैकी अनेकांना उत्तरेकडील आताकामा वाळवंटातील चाकाबुको येथे हलवण्यात आले. सोव्हिएत संघाने तेथे खेळण्यास नकार दिला. तरीही २१ नोव्हेंबर रोजी चिलीचा संघ मैदानात उतरला, प्रतिस्पर्धीच नसलेल्या अर्ध्या मैदानातून चेंडू पुढे नेला आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस यांनी तो रिकाम्या जाळ्यात मारला. नियमांचे इतके काटेकोर आणि इतके निरर्थक पालन क्रीडेतिहासात क्वचितच झाले असेल.

लोकशाही परतली तेव्हा, १२ मार्च १९९० रोजी, नवे अध्यक्ष पात्रिसियो आयल्विन यांनी जनतेसमोर येण्यासाठी हेच ठिकाण निवडले. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या स्त्रिया तेथे क्वेका हे जोडीने करायचे लोकनृत्य एकट्याने नाचल्या. जोडीदाराची जागा त्यांनी मोकळीच ठेवली.

२००३ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे नूतनीकरण होऊन जुन्या लाकडी बाकांच्या जागी नव्या खुर्च्या आल्या. आठव्या प्रवेशद्वाराजवळची बाके मात्र तशीच राखली आहेत. स्मृती गमावलेल्या समाजाला भविष्य नसते, अशा आशयाचे वाक्य तेथे लिहिलेले आहे. सामना कितीही महत्त्वाचा असो, ती बाके रिकामीच असतात. २०१५ मध्ये चिलीने अर्जेंटिनाला नमवून कोपा अमेरिका हा चषक प्रथमच जिंकला, तेव्हाही ती रिकामी होती.

अशा जागेचे करायचे काय, हा प्रश्न अनेक समाजांपुढे असतो. पाडून टाकली तर पुरावा जातो. संग्रहालय करून कुलूप लावले तर लोकांचे पाऊल तिकडे वळत नाही. सान्तियागोने तिसरा मार्ग पत्करला. तेथे सामने होतात, संगीताचे कार्यक्रम होतात, निवडणुकीत मतदानही होते. जेथे नागरिकांना बंदुकीच्या धाकाने आणले गेले, तेथे आज नागरिक रांगेत उभे राहून मत देतात आणि घरी परततात. विस्मरण गर्दीतच सर्वांत सोपे असते. म्हणूनच त्या गर्दीच्या मधोमध राखलेली एवढीशी रिकामी जागा आम्हांला कोणत्याही पुतळ्याहून मोलाची वाटते.