फालुद्याचा शेवटचा पेला

चैत्र तापायला लागला की आपल्या रेडिओवर एक फर्माईश हमखास येते: घरी फालुदा कसा करायचा ते सांगा. आज आम्ही सांगणार आहोत. पण त्याआधी हा गारवा आपल्या चुलीपर्यंत कसा पोचला, ते ऐका.

फालुदा हा शब्द फारसी. मूळ शब्द पालूदा, म्हणजे गाळून स्वच्छ केलेला. इराणमध्ये शिराझ शहरात तो आजही आवडीने खातात, पण त्यात दूध नसतं. बारीक पांढऱ्या शेवया, साखरेचा गोठवलेला पाक, गुलाबपाणी आणि वरून लिंबू. दूध आणि सब्जा घालून पिण्याची रीत आपल्याकडची. मुंबईत पारशी घरांत २१ मार्चच्या नवरोजला फालुदा होतोच.

जिन्नस मिळत होते, अडचण होती बर्फाची. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय की सोऱ्याच्या, म्हणजे सोरा या क्षाराच्या, पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करत. १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबात असताना डोंगरातला बर्फ होडीतून, गाडीतून आणि माणसांच्या डोक्यावरून लाहोरला येऊ लागला. तो म्हणतो, उन्हाळ्यात सगळेच बर्फ वापरतात, सरदार मात्र वर्षभर वापरतात.

पुढे १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा बर्फ जहाजातून कलकत्त्याला आला. निघाला तेव्हा १८० टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला. पुढच्याच वर्षी तो मुंबईतही आला. तळ्यातला हा बर्फ टिकवायला लाकडाचा भुसा लावत. हे वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं, कारण आमच्या गावातही बर्फाची लादी अशीच यायची. तालुक्याहून, सायकलच्या कॅरियरवर, भुसा लावून गोणपाटात गुंडाळून. लग्नकार्य असेल तरच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथेच बर्फाचे कारखाने निघाले आणि अमेरिकेचा बर्फ बंद झाला. त्याच सुमारास इराणहून आलेल्या लोकांनी मुंबईत हॉटेलं काढायला सुरुवात केली. तिथे पुढे ‘फॅमिली रूम’ आल्या. एकट्या बाईला हॉटेलात बसणं अवघड असण्याच्या काळात घरच्यांबरोबर तरी तिला तिथे बसता आलं. फ्रिज आला तेव्हा मात्र हे सगळं काम आपल्याच हातात आलं.

आता कृती. एक लिटर दूध आटवून पाऊण करा, सहा चमचे साखर घालून गार करा. एक चमचा सब्जा पाण्यात वीस मिनिटं भिजवा. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर दीड वाटी पाण्यात कालवून, मंद आचेवर सारखं ढवळत घट्ट आणि काचेसारखं होईपर्यंत शिजवा. गरम असतानाच शेवेची ताटली लावलेल्या सोऱ्यात भरा आणि थेट बर्फाच्या पाण्यात शेवया पाडा. पीठ निवलं तर सोऱ्या फिरत नाही आणि पाणी कोमट असलं तर शेवया चिकटतात. पेल्यात आधी गुलाबाचं सरबत, मग सब्जा, शेवया, वर दूध. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच घरी लावा. बाहेरच्या लादीची खात्री नसते. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, तो याच कारणासाठी.

एवढ्यात सहा पेले होतात. आमच्या गटात आम्ही एकमेकींना विचारलं, घरी फालुदा झाला तेव्हा तुम्ही कधी प्यालात? उत्तर जवळजवळ एकच आलं: सगळ्यांचं झाल्यावर, तळाशी उरलेलं, बर्फ वितळून पाणचट झालेलं. घरात माणसं सात आणि पेले सहा, तर सातवी कोण, हे कुणी विचारत नाही.

बादशहाचं नाव कागदावर राहिलं, बर्फाच्या व्यापाऱ्याचंही राहिलं. शेवया पाडणाऱ्या हातांचं कुठेच नाही. म्हणून आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. माणसं सात असतील तर दूध सव्वा लिटर घ्यायचं, आणि करणारीचा पेला सर्वांबरोबरच भरायचा. या रविवारी करून बघा, आणि गार असतानाच प्या.