दुसऱ्या खेपेला

गेले आठ दिवस आमच्या घरात तुपात तळलेल्या डिंकाचा वास भरून राहिलाय. आई जुन्नरहून आलीये. येताना डिंक, अळीव, खारका, सुंठ, बाळंतशेपा, वेखंड आणि जुन्या नऊवारीची शिवलेली चार दुपटी असा सगळा संसार पाठीवर घेऊन आलीये. मला आठवा महिना लागलाय. पहिल्या वेळी मी तिच्याकडे गेले होते. यावेळी ती माझ्याकडे. पहिलं माहेरी, दुसरं सासरी... जुनीच रीत.

परवा लाडू वळताना सहज डोक्यात आलं, की पहिल्यांदा आई होणारीला आपल्या भाषेत शब्द आहे, पहिलटकरीण. किती कौतुकाचा शब्द! पण दुसऱ्या वेळेच्या बाईला? काही नाही. ती नुसती "पोटुशी". डोहाळजेवण पहिल्या वेळी, चोरओटी पहिल्या वेळी. सीमंतोन्नयनाचा संस्कारसुद्धा बहुतेक ठिकाणी पहिल्या गरोदरपणातच करायचा. दुसऱ्या खेपेला कोणी फुलांची वाडी भरत नाही. आईला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "अगं, दुसऱ्या वेळी सगळं ठाऊकच असतं की."

तेच तर. ठाऊक असतं, हीच अडचण आहे.

पहिल्या बाळंतपणात मला फार रक्तस्राव झाला होता. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. तेव्हा मला कळलंच नव्हतं, की सगळे एवढे का धावताहेत. आता कळतंय. त्यात परवा रात्री लेकीने (वय वर्षं चार) अंधारात विचारलं, "आई, बाळ घरी येईल तेव्हा तू पण येशील ना?" मी म्हटलं, "येईन की! मी नाही आले तर बाळाला आणणार कोण?" ती झोपली. मी जागी.

झोप येईना, तेव्हा मी माझं नेहमीचं औषध काढलं, इतिहासाची पुस्तकं. आणि वाचता वाचता अशा दोन बाया सापडल्या, ज्या शाळेपासून माझ्या ओळखीच्या होत्या, पण या नजरेने मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

पहिली आमच्या जुन्नरचीच म्हणायची. लहानपणी घराच्या गच्चीतून शिवनेरी दिसायचा. शाळेच्या सहलीत कितीदा तरी चढलोय. वर जन्मस्थानाच्या इमारतीत पाळणा ठेवलाय, त्याला नमस्कार करायचा आणि खाली यायचं. आम्ही सगळ्यांनी पाळणा पाहिला. बाळंतिणीची बाज कुठे असेल, हा प्रश्न एकाही पोरीला पडला नाही.

जिजाबाईंचीही ती पहिली खेप नव्हती. थोरला संभाजी होता. त्यांना सहा अपत्यं झाली आणि त्यातली चार लहानपणीच गेली, असंही सांगतात. जेधे शकावली आणि परमानंदाचं शिवभारत यांनी दिलेली तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता बोटांवर मागे मोजा. मी मोजलं, कारण हल्ली मी सगळंच आठवड्यांत मोजते. जुलै १६२९ मध्ये त्यांना जेमतेम दोन-अडीच महिने झाले असणार. आणि त्याच जुलै महिन्यात दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात त्यांचे वडील लखुजी जाधवराव मारले गेले. वडील गेले, त्यांच्याबरोबर भाऊही गेले. म्हणजे डोहाळे लागायच्या दिवसांत माहेर संपलं.

सासरचंही काही खरं नव्हतं. शहाजीराजांचा पाय एका शाहीत ठरत नव्हता, आणि त्या दोनेक वर्षांच्या धामधुमीतच आदिलशाही फौजेने पुणं जाळून टाकलं. तेव्हा ना माहेर, ना सासर. मग एक तिसरी जागा शोधली गेली. शिवनेरीवर विजयराज (विश्वासराव) होते. शिवभारत सांगतं, की त्यांची मुलगी जयंती थोरल्या संभाजीला करून घेतली आणि जिजाबाईंना त्या नव्या सोयऱ्यांच्या आधाराने गडावर ठेवलं. लहानपणी हे वाचताना मला ते राजकारण वाटलं होतं. आता वाटतं, ही बाळंतपणाचीच तयारी होती. आपण नाव घालायला दवाखाना शोधतो, त्यांनी सात दरवाजांचा, वर पाण्याची टाकी असलेला गड शोधला. आणि त्यासाठी थोरल्या लेकाचं लग्न लावलं. एकीकडे घरात सून येतेय, दुसरीकडे बापाचं सुतक फिटून वर्षही झालेलं नाही, आणि पोटात बाळ.

शिवभारतात जिजाबाईंचे डोहाळे दिलेत. वाघावर बसावं, हत्तीवर बसावं, सिंहासनावर बसावं असे. कवीचं बरोबर आहे, होणारं मूल कोण आहे हे त्याला लिहिताना ठाऊक होतं. पण तिला कुठे ठाऊक होतं? मला वाटतं, तिला कधीतरी नुसती वडिलांच्या वाड्यातली कढी प्यावीशी वाटली असेल. असो.

गंमत बघा. ती तिथी वैशाख शुद्ध २, शके १५४९ की फाल्गुन वद्य ३, शके १५५१, यावर आपल्याकडे केवढा वाद झाला! लोकमान्यांनी १९१६ मध्ये जेधे शकावली छापली, तेव्हापासून विद्वानांच्या किती पिढ्या त्यात खर्ची पडल्या. तो वाद हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सगळ्या वादात "सुईण कोण होती हो?" असं विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

दुसरी बाई त्याच लढाईच्या दुसऱ्या बाजूला होती.

खानजहान लोदी हा मोगल सरदार शाहजहानवर उलटला आणि निजामशहाच्या आश्रयाला आला. त्याच्या पाठलागावर खुद्द बादशहा १६३० च्या सुरुवातीला दख्खनच्या तोंडाशी, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात येऊन बसला. शिवनेरीपासून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे इकडे गडावर बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत असतील, त्याच दिवसांत तिकडे तापीकाठी छावणी पडली. बादशहाबरोबर मुमताज महल होती. तिलाही दिवस गेलेले होते. तिला जवळजवळ नेहमीच दिवस गेलेले असत. १६१२ मध्ये लग्न झालं, आणि एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं. त्यातलीही कित्येक प्रवासात. औरंगजेब १६१८ मध्ये दाहोदला झाला, वाटेत. मुराद १६२४ मध्ये बिहारातल्या रोहतास गडावर, तेव्हा नवरा बापाविरुद्ध बंड करून पळत होता. बुऱ्हाणपुरात आल्यावर १६३० मध्ये तेरावी मुलगी झाली. आणि लगेच पुढच्या वर्षी चौदावी खेप.

ते वर्ष भयंकर होतं. १६३० मध्ये पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खनमध्ये असा दुष्काळ पडला, की त्या हिवाळ्यात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांचं वर्णन करून ठेवलंय. याच दुष्काळात आपल्या तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, हे त्यांनीच अभंगात सांगितलंय. अशा मुलखात, एवढ्या मोठ्या सैन्याच्या मधोमध, मुमताजने चौदाव्यांदा तयारी केली.

तिच्या तयारीत काय कमी होतं? तापीकाठचा शाही किल्ला, त्यात रंगवलेल्या छताचा हमाम. हकीम वझीरखान होता. सती-उन-निसासारखी शहाणी, जाणती बाई सोबतीला होती. सतरा वर्षांची थोरली लेक जहाँआरा उशाशी होती. तेरा वेळांचा अनुभव होता. "सगळं ठाऊकच असतं की!" सुमारे तीस तास वेणा दिल्यावर मुलगी झाली, गौहरआरा. आणि १७ जून १६३१ रोजी मुमताज गेली. वय अडतीस.

रक्तस्राव झाला असणार, असं आजचे डॉक्टर म्हणतात. मूल आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय आवळलं गेलं, तर तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. पुष्कळ बाळंतपणं झालेलं, शिवाय तासन् तास कळा देऊन थकलेलं गर्भाशय आवळायचं विसरतं. मग बाई पाहता पाहता रिती होते. हे थांबवायला इंजेक्शन लागतं, आणि रक्त लागतं. हिंदुस्थानच्या बादशहाकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्यासाठी रात्री अकरा वाजता रक्तपेढीच्या खिडकीत माझा नवरा रांगेत उभा होता. शाहजहानला उभं राहायला रांगच नव्हती.

तिला आधी बुऱ्हाणपुरातच, तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरलं, आणि डिसेंबरमध्ये आग्र्याला नेलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ताजमहालासमोर मी लग्नानंतर फोटो काढलाय. तेव्हा मला तो प्रेमाचा वाटला होता. आता मला तो एका बाळंतिणीचा वाटतो. हे वाईट आहे का? मला नाही वाटत.

पण मी त्या रात्री थांबले ती जहाँआरापाशी. आईची निम्मी मालमत्ता बादशहाने तिला दिली आणि राणीची जागाही. सतराव्या वर्षी ती भावंडांची आई झाली. औरंगजेब तेव्हा बारा वर्षांचा होता, मुराद सहा-सात. आणि ज्या मुलीच्या जन्मात आई गेली, ती गौहरआरा १७०६ पर्यंत जगली. पंचाहत्तर वर्षं. बाळ घरी आलं, आई आली नाही. माझ्या लेकीचा प्रश्न बुऱ्हाणपुरात कुणीतरी आधीच विचारलेला होता...

आपल्या बायका हे जाणून होत्या. नाहीतर पाचवी कशाला पुजली असती? पाटावर सटवाई मांडायची, दिवा विझू द्यायचा नाही, बाळंतिणीपाशी रात्रभर जागायचं. आपण म्हणतो, त्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते. मला आता वाटतं, बाळंतरोगाचा ताप, धनुर्वात जे काही यायचं ते याच दिवसांत येत असे, म्हणून जागायचे. भीती नेमकी कुठे बसलीये हे त्यांना माहीत होतं, औषध तेवढं माहीत नव्हतं.

मधला काळ फार लांबचा नाही. १९९७-९८ मध्ये भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ आया दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ झाला, आणि महाराष्ट्रात ३३. मी हे आकडे रात्री दोन वाजता स्वतःला वाचून दाखवले. तेहतीस म्हणजे कमी, खूपच कमी. पण त्या तेहतीसजणींचीही घरी कुणीतरी वाट पाहत होतंच.

सकाळी आईला सगळं सांगितलं. ती शेगडीशी बसून गूळ चिरत होती. मी विचारलं, "आई, दादू व्हायच्या वेळी तुला भीती वाटली होती?" दादू म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी तेव्हा पाच वर्षांची होते.

आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे ते दोन ढगळ फ्रॉक आठवतात?"

आठवतात की! एक निळा, एक पिवळा. खांद्यावरून उतरायचे. शाळेतल्या पोरी हसायच्या. मला वाटायचं, आई काटकसर करते. वाढत्या अंगाचे कपडे तेव्हा सगळ्याच घरात शिवायचे.

"दवाखान्यात जायच्या आधी शिवून ठेवले होते," आई म्हणाली. "तुझ्या काकूला सांगून ठेवलं होतं, कपाटात खालच्या कप्प्यात आहेत म्हणून. म्हटलं, काही झालंच तर दोन वर्षं तरी पोरीला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

आणि पुन्हा गूळ चिरायला लागली.

चाळीस वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात दादूच्या बारशाचा फोटो आहे, त्याचा पहिला दात पडल्याची तारीख लिहिलेली आहे. फ्रॉकांचं कुठे काही नाही. तिला झालं ते बाळंतपण, आणि तिने केली ती तयारी, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुसरी गोष्ट आम्हाला कुणाला दिसलीच नाही. मी आईला आणखी एक विचारलं, तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी सुईण कोण होती. तिला नाव पाठ होतं. आडनावासकट, राहायच्या आळीसकट. ते मी बाळाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

माझी तयारीची यादी आता फ्रिजवर लावलीये. रक्तगट, हिमोग्लोबिनचा शेवटचा रिपोर्ट, रक्त द्यायला तयार असलेल्या दोन मित्रांचे फोन नंबर. डॉक्टरांना मागच्या वेळचं सगळं सांगून झालंय, त्यांनी फाइलवर लाल शाईने लिहून घेतलंय. लाडू दोन डबे.

काल संध्याकाळी लेकीला घेऊन बाजारात गेले होते. धाकट्याच्या नादात थोरलीला काही घेतलंच नव्हतं. तिने लाल ठिपक्यांचा फ्रॉक पसंत केला. दुकानदार नेहमीच्या सवयीने म्हणाला, "ताई, वाढत्या अंगाचा देऊ का? दोन वर्षं जाईल."

मी म्हटलं, "नको. मापाचाच द्या."