नाकाचं माप आणि जातीची उतरंड

आपल्या मुलुंड-घाटकोपरकडे स्थळ सुचवताना अजूनही 'मुलगी नाकीडोळी नीटस' म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण याच नाकावर एके काळी सरकारी शास्त्र उभं होतं.

हर्बर्ट रिस्ली हे 1901 च्या जनगणनेचे आयुक्त. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर: हा त्यांचा नासिका-निर्देशांक. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा नियमच त्यांनी मांडला. त्याच जनगणनेत जाती सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावायचं ठरलं आणि वरची जागा मागणाऱ्या अर्जांचा पाऊस पडला! शास्त्र म्हणून आलेली गोष्ट राजकारण होऊन बसली.

पुढे मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये यांनी ही मापं पुन्हा तपासली. 1932 च्या त्यांच्या पुस्तकात दिसतं ते असं: संयुक्त प्रांतात मापांचा उतरंडीशी मेळ बसतो, महाराष्ट्रासह इतरत्र बसत नाही. आता बाबासाहेबांची हुशारी बघा. अस्पृश्यतेच्या उगमावरच्या 1948 च्या ग्रंथात त्यांनी घुर्यांचेच आकडे घेतले. त्यांचा युक्तिवाद असा की, मापनशास्त्र विश्वासार्ह मानायचं असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्यातला 'तर' महत्त्वाचा. माप खरं की खोटं या वादात ते अडकलेच नाहीत. तुमचीच पट्टी, तुमचाच आकडा, आणि अस्पृश्यतेचा वांशिक आधार गेला. (आज वंश ठरवायला नाक कुणी मोजत नाही, हे सांगायला नको.)

नाक गेलं, आता बुद्धी आली. 'हुशारी रक्तातच असते' हे वाक्य आपण लोकलमध्येही ऐकतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग सगळ्यांसमोर नाव, गाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलं मागे पडली. मुलं तशीच, कोडी तशीच! बक्षीस कुणाला हे चिठ्ठी टाकून ठरणार म्हटल्यावर मात्र ही दरी उरली नाही. संशोधकांनी लावलेला अर्थ असा: जात पुढे आली की मुलाला वाटतं, समोरचा माणूस आपल्याला न्याय देणार नाही. चिठ्ठीला जात कळत नाही, एवढं त्याला ठाऊक असतं.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना 'ह्या कॅटेगरीतले उभे राहा' असं भर वर्गात सांगणारे शिक्षक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यानंतरच्या तासाला गणिताची चाचणी असेल, तर त्या गुणांत नेमकं काय मोजलं जातं?