पावाच्या भावाचा दावा

कॅनडात पावाच्या भावावरून बेकरीवाले, सरकार आणि गिऱ्हाईक यांची जुंपली ती काही 2017 साली पहिल्यांदा नव्हे. या भांडणाचा इतिहास मी गेली काही वर्षं जमेल तसा वाचते आहे, कारण त्यातल्या शेवटच्या प्रकरणाशी माझा संबंध आला. 2000 नंतरची बरीच वर्षं मी टोरांटोजवळ एका मोठ्या किराणा दुकानात रात्रपाळीला होते. दुकान बंद झालं की फळ्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलायच्या, हे माझं काम. दूध आणि फळं यांचे भाव खालीवर होत. पाव मात्र उतरल्याचं मला आठवत नाही. जुनी चिठ्ठी नखाने सोलून काढायची, नवी सरकवायची, आणि नवीवर बहुतेक वेळा दहा सेंट जास्त. गहू महागला असेल, पेट्रोल महागलं असेल, असं आम्ही सगळ्याच जणी धरून चाललो होतो.

या देशाने संगनमताविरुद्ध कायदा केला तो 1889 साली, अमेरिकेच्या प्रसिद्ध शर्मन कायद्याच्याही एक वर्ष आधी. त्याच्या आदल्या वर्षी क्लार्क वॉलेस नावाच्या खासदाराच्या अध्यक्षतेखाली संसदेची एक समिती बसली होती. साखर, कोळसा, इतकंच काय पण शवपेट्या, या सगळ्यांच्या व्यापाऱ्यांनी आपापसात भाव कसे बांधून घेतले आहेत, याच्या साक्षी तिच्यापुढे झाल्या. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही सोडलं नव्हतं. पण कायदा झाला तो दात काढलेला. त्यात ‘बेकायदेशीरपणे’ असा एक शब्द घुसवला गेला आणि गुन्हा सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होऊन बसलं. तो शब्द काढायला 1900 साल उजाडलं.

1910 साली मॅकेंझी किंग मजूरमंत्री होते. पुढे ते पंतप्रधान झाले. त्यांनी आणलेल्या कायद्यात मला फार महत्त्वाची वाटणारी एक तरतूद होती. कोणत्याही सहा माणसांनी एकत्र येऊन न्यायाधीशाकडे अर्ज केला, तर संगनमताची चौकशी लागू शकत होती. सहा सामान्य माणसं, बस. प्रत्यक्षात त्या कायद्याखाली चौकशी झाली ती एकच, बूट शिवायची यंत्रं बनवणाऱ्या युनायटेड शू मशिनरी कंपनीची, कारण अर्ज करायचा म्हणजे पदरचा वेळ आणि पैसा घालायचा. तरीही ती कल्पना टिकली. आजच्या कॅनडाच्या स्पर्धा कायद्यातही अठरा वर्षं पूर्ण झालेले सहा रहिवासी मिळून चौकशीची मागणी करू शकतात. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

पाव या गोष्टीत येतो तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात सरकारने भाव बांधून ठेवले होते. 1947 साली पावावरचं नियंत्रण उठलं, आणि पुढच्याच वर्षी पश्चिमेकडच्या प्रांतांतल्या बेकऱ्यांच्या संगनमतावर सरकारी चौकशीचा अहवाल आला. त्याच सुमारास संगनमत-चौकशीचे आयुक्त फ्रेड मॅकग्रेगर यांनी पीठगिरण्यांवरचा अहवाल पुरा केला. गिरण्यांनीही आपसात भाव ठरवले होते. डिसेंबर 1948 मध्ये अहवाल मंत्र्यांकडे गेला. पंधरा दिवसांत तो प्रसिद्ध झालाच पाहिजे असं कायदा सांगत होता. मंत्र्यांनी तो दाबून ठेवला. मध्ये निवडणूक होऊन गेली, तरी अहवाल बाहेर येईना. शेवटी 1949 च्या ऑक्टोबरात मॅकग्रेगर यांनी राजीनामा दिला, तेव्हा बोभाटा झाला आणि नोव्हेंबरात अहवाल लोकांसमोर आला. पिठाच्या भावासाठी खुर्ची सोडणारा अधिकारी! या सबंध इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या माणसाबद्दल.

पण त्याच्या राजीनाम्यानेही गिऱ्हाइकाच्या हाती काही पडलं नाही, पडणारच नव्हतं. खटला सरकारने भरायचा, दंड सरकारजमा व्हायचा, आणि ज्याने महाग पाव खाल्ला त्याला भरपाई मागायची वाटच या कायद्याने ठेवली नव्हती. ती वाट 1970 च्या दशकाच्या मध्यात झालेल्या दुरुस्तीने उघडली. तिथेही अडचण होतीच. एका पावामागे दहा सेंट परत मिळवायला वकील कोण देणार? म्हणून सामूहिक दाव्याची गरज. क्वेबेकने तो कायदा 1978 साली केला. ओंटारियोचा 1993 पासून लागू झाला. एकाने सगळ्यांच्या वतीने दावा लावायचा, वकिलाने जिंकल्यावरच फी घ्यायची. हरलो तर समोरच्याचा खर्च अंगावर येईल या भीतीनेच लोक मागे सरतात, म्हणून ओंटारियोने त्यासाठी वेगळा निधीही उभारला.

शेवटचा अडसर 2013 साली दूर झाला. कंपन्यांचा वकिली युक्तिवाद असा असे की ग्राहकाने माल आमच्याकडून घेतलेलाच नाही, दुकानदाराकडून घेतला, मग त्याचं आमच्यावर देणं कसलं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉय राज्याच्या बांधकाम-विटांच्या खटल्यात 1977 साली हाच युक्तिवाद उचलून धरला होता, आणि तिथल्या संघीय कायद्यात तो आजही ग्राहकाला आडवा येतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या प्रकरणात 31 ऑक्टोबर 2013 रोजी उलट निर्णय दिला. साखळीच्या शेवटच्या टोकाला उभा असलेला माणूसही दावा लावू शकतो. माझ्या मते आमच्या पावाचा निकाल त्या दिवशीच अर्धा लागला होता.

त्यानंतर चार वर्षांनी, 2017 च्या ऑक्टोबर अखेरीस, स्पर्धा आयोगाच्या लोकांनी किराणा कंपन्यांच्या कचेऱ्यांवर छापे घातले. डिसेंबरात लॉब्लॉ आणि जॉर्ज वेस्टन या एकाच घराण्याच्या दोन कंपन्यांनी जाहीर केलं की 2001 पासून 2015 पर्यंत पावाच्या भावात संगनमत होतं, त्यात आम्ही होतो, आणि 2015 मध्ये आम्ही आपण होऊन ते आयोगाला कळवलं आहे. आधी कबुली दिली म्हणून त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. आयोगाच्या कागदपत्रांत पद्धत लिहिली होती. बेकरीने घाऊक भाव सात सेंटने वाढवायचा, दुकानाने किरकोळ भाव दहा सेंटने. ते दहा सेंट वाचले तेव्हा मला माझी नखं आठवली. माझ्या हातून लागलेल्या प्रत्येक चिठ्ठीमागे संगनमत होतं असं मी म्हणत नाही, मला ते कळायला मार्ग नाही. पण राग यायचा तो आलाच.

2023 साली कॅनडा ब्रेड या बेकरी कंपनीने 2007 आणि 2011 च्या भाववाढीबद्दल गुन्हा कबूल केला. दंड झाला पाच कोटी डॉलर, भाव ठरवण्याच्या गुन्ह्यात या देशातला तोवरचा सर्वांत मोठा. तो गेला सरकारकडे.

ग्राहकांकडे आले ते या भाववाढीविरुद्ध ग्राहकांच्या वतीने लावलेल्या सामूहिक दाव्याचे पैसे. लॉब्लॉने 2018 च्या सुरुवातीला नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला पंचवीस डॉलरचं कार्ड दिलं होतं. 2024 मध्ये लॉब्लॉ आणि जॉर्ज वेस्टन यांनी 50 कोटी डॉलरची तडजोड केली; आधीच्या कार्डांचे 9 कोटी 60 लाख त्यातच धरले गेले. पुढच्या वर्षी कोर्टांनी मान्यता दिली आणि 12 डिसेंबर 2025 पर्यंत अर्ज घेतले.

मंडळातल्या ज्येष्ठांचे फॉर्म भरून द्यायला मी बसले, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असे, “अगं, पावती कुठून आणू?” पावती लागतच नव्हती. 2001 ते 2021 या काळात कॅनडात पाकीटबंद पाव विकत घेतला होता एवढं खरेपणाने सांगायचं. दुसरा प्रश्न, “दाव्यात माझं नाव कधी घातलं?” घालावं लागत नाही. कोर्टाने दावा मान्य केला की त्या वर्णनात बसणारा प्रत्येक जण आपोआप आत असतो. ज्याला नको असेल त्याने मुदतीत तसं कळवून बाहेर पडायचं. पैसे मात्र मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि बहुतेकांचं घोडं अडतं ते इथेच. “पंचवीस डॉलरसाठी कशाला हात पसरायचा?” असं एक काका म्हणाले. मी त्यांना सांगितलं, काका, हे तुमचेच पैसे आहेत.

माझी आई मुंबईत ग्राहक पंचायतीच्या संघात होती. 1975 साली सुरू झालेल्या त्या चळवळीत शेजारपाजारची कुटुंबं मिळून महिन्याचा किराणा एकगठ्ठा घेत, आणि व्यापाऱ्याच्या मनमानीला तेवढ्यापुरतं उत्तर मिळे. भारतात आज कायदा आहे. ग्राहक कायद्याखाली अनेकांच्या वतीने एक तक्रार करता येते, आणि संगनमत सिद्ध झाल्यावर स्पर्धा कायद्याच्या कलम 53-एन खाली भरपाईही मागता येते. पण सिमेंटचं प्रकरण पाहा. 2012 साली स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना 6,000 कोटींहून जास्त दंड ठोठावला. 2015 मध्ये तो आदेश रद्द झाला, 2016 मध्ये पुन्हा दंड, 2018 मध्ये अपिलात तो कायम, आणि मग सर्वोच्च न्यायालय. घर बांधणाऱ्याने भरपाई मागायची तर संगनमत आधी ठरायला हवं, आणि अपिलं तर संपत नाहीत. कॅनडात सरकारी खटल्याच्या निकालासाठी थांबावं लागलं नाही, हा फरक मोठा आहे.

तडजोड झाली ती दोन कंपन्यांशी. दाव्यात ज्यांची नावं आहेत त्या मेट्रो, सोबीज, वॉलमार्ट कॅनडा आणि जायंट टायगर या दुकानसाखळ्या तिच्यात नव्हत्या, आणि त्यांनी आरोप मान्य केलेले नाहीत. तेव्हा कॅनडातल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. यापुढे अशी नोटीस ईमेलवर किंवा वर्तमानपत्रात दिसली की फेकू नका. ती कोर्टाने मान्य केलेल्या अधिकृत पत्त्यावरून आली आहे ना हे आधी तपासा. अर्ज भरायला पैसे कधीच लागत नाहीत, कोणी मागितले तर तो भामटा समजा. मग फॉर्म भरा, आणि शेजारच्या ज्या आजींना संगणक येत नाही त्यांचाही भरून द्या.