गुलामगिरीचे नाट्यस्मरण, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वसाहतकालीन गुलामांचे जीवन ऐतिहासिक स्थळी नटांकरवी सादर करण्याची पद्धती. व्हर्जिनियातील विल्यम्झबर्ग हे तिचे प्रमुख केंद्र होय. हे नगर १६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनियाची राजधानी होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सुमारे निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची असून त्यांपैकी बहुतेक गुलाम होते. १९२६ पासून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या अर्थसाहाय्याने नगराचा जीर्णोद्धार करण्यात आला. तथापि त्यात दीर्घकाळ गव्हर्नरांचा प्रासाद आणि जमीनदारांचे जीवन यांनाच प्राधान्य मिळाले.

गुलामांनी स्वतः लिहिलेला मजकूर अत्यल्प आहे. त्यांची नावे मुख्यत्वे मालकांच्या मृत्युपत्रांत, हिशेबवह्यांत आणि पळून गेलेल्यांविषयीच्या जाहिरातींत आढळतात. अशा त्रोटक नोंदींमागील माणूस उभा करण्याच्या हेतूने १९७९ मध्ये तेथे कृष्णवर्णीय कलावंतांचे नाट्यसादरीकरण सुरू झाले.

या प्रयत्नाची खरी कसोटी १० ऑक्टोबर १९९४ रोजी लागली. त्या दिवशी क्रिस्टी कोलमन यांच्या नेतृत्वाखाली गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यावर सादर करण्यात आला. तीत स्वतः कोलमन यांनी गर्भवती दासीची भूमिका केली. एका जोडप्याची ताटातूट आणि आपल्या पत्नीला विकत घेऊ पाहणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय पती, असे प्रसंग त्यात होते. नागरी हक्क संघटनांनी तीव्र निषेध केला. पूर्वजांच्या यातनांची करमणूक होईल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. कारण एकोणिसाव्या शतकात तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे मिन्स्ट्रेल खेळ अमेरिकेत अतिशय लोकप्रिय होते. प्रयोग पाहिल्यावर मात्र निषेधकांपैकी जॅक ग्रेव्हली यांनी आपला विरोध मागे घेतला.

हिशेबवहीतील किंमत वाचणे आणि त्या किमतीस विकली जाणारी व्यक्ती समोर पाहणे, यांतील अंतर या प्रयोगाने स्पष्ट केले. तथापि अभिनयाने मूळ यातनेचा अंशच प्रकट होतो. शिवाय तिचा भार त्याच वंशाच्या कलावंतांना वाहावा लागतो. त्यामुळे कागदपत्रांचा आधार आणि कलावंतांची संमती यांना अशा स्मरणात मूलभूत महत्त्व आहे.